पाद्रीवाटेवरचं श्रमदान

योरूनकडे लाल रंगाच्या दोन बादल्या होत्या. त्यांतल्या एकीत रंग असे.

दुसरीच्या काठावरून रंगाचे ओघळ वाळलेले, झाकणावर रंगाची पुटं, कडीला रंगाची बोटं. बघणाऱ्याला ती पहिलीची जुळी बहीणच वाटावी. पण ऑगस्टात योरून डोंगरावरून उतरायची तेव्हा हिच्या पोटात मुल्ते असायची. दलदलीत उगवणारं हे फळ अंगठ्याच्या पेराएवढं आणि उलट्या डोक्याचं. कच्चं असताना लाल, पिकलं की सोनेरी. त्वेर्लिया गावातला माणूस तुम्हाला आपला पगार सांगेल, घटस्फोटाचं कारण सांगेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर सदरा वर करून टाकेसुद्धा दाखवेल. आपली मुल्ते कुठल्या दलदलीतून येतात, ते मात्र सांगणार नाही. मेंढ्या पाळणाऱ्या हालवरच्या आजोबांनी म्हणे शेवटच्या घटकेला सगळ्यांना खाटेजवळ बोलावलं होतं. "मुल्तेची जागा..." एवढं बोलले, खोलीभर नजर फिरवली, दाराशी शेजारीण दिसली आणि म्हाताऱ्यानं तोंड मिटलं ते कायमचंच.

योरूनला तिची दलदल आईकडून मिळाली होती. घर भावाला गेलं, गाय बहिणीला आणि हिच्या वाट्याला दलदल. कागदोपत्री ती गावाच्या सामाईक कुरणात होती, पण मालकी काय कागदावर असते? आई वाकून फळं खुडायची आणि गुणगुणायची:

लाजते तोवर लाल गं, पिकली की सोनं,
वाट सांगशील कुणा, तर रितं घरी येणं.

योरूननं कुणाला सांगितली नव्हती. दर वर्षी पलीकडच्या काठाला फळं जरा कमीच भरायची. ते पाप तिनं सारस पक्ष्यांच्या माथी मारलं होतं.

जन्मभर तिनं शाळेची बस चालवली. आज गावसभेत बसणारा एकेक जण तिच्या बसमध्ये बसून, भांडून, ओकून मोठा झालेला. निवृत्तीनंतर बस सुटली, तेव्हा तिनं पाद्रीवाट धरली. पूर्वी एकच पाद्री डोंगर ओलांडून दोन खोऱ्यांतली देवळं सांभाळायचा, त्याच्या पायांनी पडलेली ती वाट. आता ती संरक्षित होती. तिच्यावरचा दगडसुद्धा हलवायचा नाही असा कायदा. दगडांवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या लाल खुणा असत आणि त्या ताज्या ठेवणं हे योरूनचं काम. दर ऑगस्टात ती दुकानाच्या दारावर पाटी लावी: "शनिवारी श्रमदान. ब्रश आणावा." कुणीही येत नसे. "या गावाला वाट हवी, पण वाटेचं करायला कुणी नको!" असं ती दुकानात चारचौघांत करवादायची आणि बाहेर येऊन सुटकेचा निःश्वास टाकायची. कारण तिची दलदल वाटेपासून एका टेकाडापलीकडेच होती.

त्या वर्षी वसंतात प्रेबेन आला. ओस्लोचा माणूस. बोलणं असं गुळगुळीत, की त्यावर माशी बसली असती तर घसरली असती. पाद्रीवाटेच्या अगदी कडेला तो सुट्टीची घरं बांधणार होता. घरं त्याची, विकणार तो, नफाही त्याचाच. तिथवरचा रस्ता, पाण्याचे नळ आणि गटारं मात्र गावाच्या तिजोरीतून व्हायची होती.

"विकास म्हणतात याला, योरून," सभापती ओडवार भरसभेत म्हणाला.

"फळ त्याला आणि फावडं आपल्याला, याला विकास म्हणतात होय? वृद्धनिवासाचं छप्पर गळतंय, ओडवार. तुझी आई उशाशी पातेलं ठेवून झोपते. आणि आपण या गृहस्थाच्या संडासांना नळ घालून द्यायचे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, वॉफल खाल्ले आणि मग हळूहळू म्हणायला लागले, "पण चार पोरांना काम मिळेल." गावसभेतल्या हालवरला तर प्रेबेननं ट्रॅक्टर लावायचा शब्दच दिला होता. "दगड उचलायला माझाच ट्रॅक्टर लागणार," असं तो आपल्या मेंढ्यांनासुद्धा सांगत सुटला होता.

मग प्रेबेननं भिंतीवर नकाशा उलगडला. योरून चष्मा सावरत पुढे गेली. वाट दिसली, टेकाड दिसलं आणि टेकाडापलीकडे दिसला एक करडा चौकोन. त्यावर लिहिलं होतं: "गाड्या उभ्या करण्याची जागा. सध्या पडीक दलदल."

योरूनच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

"काय झालं?" वृद्धनिवासात परिचारिका असलेली डाग्नी पाणी घेऊन धावली. तीही गावसभेची सभासद.

"काही नाही. वॉफल अडकलं."

दलदल नसती तरी योरून या योजनेशी भांडलीच असती. तिचा शब्दन् शब्द खरा होता. पण आता तिच्याजवळ सगळ्यात जबरदस्त मुद्दा होता आणि तो उच्चारला की संपला! नंतर उन्हाळाभर ती गावसभेच्या एकेका सभासदाला गाठून छपराबद्दल बोलत राहिली, जीव मात्र दलदलीत रुतलेला. नवल म्हणजे ओडवार, हालवर, डाग्नी, सगळेच त्या सभेनंतर जरा गप्प झाले होते. "विचार करतोय" म्हणायचे आणि डोंगराकडे बघायचे.

ऑगस्टात ठरलं की बुधवारी सकाळी गावसभेनं जागेची पाहणी करायची आणि संध्याकाळी मत द्यायचं. वाट दाखवायला अर्थातच योरून.

मुल्ते पिकायला दोन-चार दिवसच होते. सगळी दलदल लालेलाल झालेली असणार. अख्ख्या गावसभेला तिथं नेऊन उभं करायचं? त्यापेक्षा दलदल बुजलेली बरी! छे, तेही नाही. विचार करता करता तिला सुचलं. प्रेबेनला जागा माहीत होती ती कागदावर. डोंगरात तोही बाकीच्यांसारखा लाल टीच्याच मागून चालणार. टी थोडे इकडचे तिकडे केले, टेकाडाला उलटा वळसा दिला आणि भलतीच एखादी दगडाळ दलदल "हीच ती" म्हणून दाखवली, तर? त्या डोंगरावर दलदलींना काय तोटा!

मंगळवारी ती नवा ब्रश आणायला दुकानात गेली.

"ब्रश आहे, लाल रंग मात्र संपला बाई," दुकानदारीण म्हणाली. "सकाळपासून लोक नेतायत. कुणाला कोठार रंगवायचंय, कुणाला नावेची खोप. डाग्नीला तर शेवटी मिळालाच नाही, तोंड एवढंसं करून गेली. गावाला एकाएकी काय झालंय?"

"उन्हाळा संपत आला ना," योरून म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. ज्या बाईनं एक दगड हलवला म्हणून पर्यटकांना डोंगर उतरेपर्यंत बोलणी ऐकवली होती, ती आज स्वतः खोटे टी काढणार होती. या विचारानं तिचे कान तापले होते.

संध्याकाळच्या लांब पिवळ्या उजेडात ती वर गेली. खरे टी तिनं शेवाळानं झाकले, "माफ कर रे पाद्रीबाबा" असं पुटपुटली आणि टेकाडाच्या डाव्या अंगानं नवे टी काढत गेली. मध्येच पलीकडे काहीतरी खसफसलं.

"सारस," ती मनाशी म्हणाली आणि घाईघाईनं उतरली.

बुधवारी सकाळी धुकं असं, की पुढच्याची पाठ दिसावी पण डोकं दिसू नये. सगळी गावसभा रबरी बुटांत, प्रेबेन पांढऱ्याशुभ्र कापडी बुटांत. योरून पुढे. झाकलेल्या खुणांपाशी आल्यावर तिनं श्वास रोखून डावीकडे वळण घेतलं. एक टी, दुसरा, तिसरा. छान! आता शेवटचा टी, आणि मग तिनं हेरून ठेवलेली दगडाळ दलदल.

शेवटच्या टीपुढे आणखी एक टी होता.

योरून थबकली. हा तिचा नव्हता. याचा लाल जरा काळपट होता, थेट हालवरच्या कोठारासारखा. तिनं मागे वळून हालवरकडे पाहिलं. हालवर धुक्याकडे बघत होता.

"थांबलीस का?" ओडवारनं विचारलं.

"खूण... ताजी दिसतेय."

"तूच ताज्या ठेवतेस ना? मग चल की!"

नाही कसं म्हणणार? टीला नाही म्हणणारी बाई या डोंगरात टिकली नसती. कोठाराच्या रंगाचे टी त्यांना दगडांच्या घळीतून घेऊन गेले. ते संपले तिथं चकचकीत, तेलकट लाल टी सुरू झाले. नावेच्या खोपीला देतात तो रंग. ओडवारनं एकदम बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या रबरी बुटाला नाडी नव्हती.

त्याच्याही पुढे जे टी होते ते गुलाबी होते आणि रडत होते. म्हणजे धुक्यानं विरघळून दगडावरून खाली ओघळत होते. वृद्धनिवासात गुरुवारी चित्रकलेचा वर्ग असतो, तिथले रंग. डाग्नीनं दोन्ही हात खिशात घातले.

प्रेबेननं ओला रुमाल एका दगडी ढिगाऱ्यावर वाळत टाकला होता. बराच वेळ चालल्यावर समोर तसाच ढिगारा आला आणि त्यावर तसाच रुमाल.

"हा माझा रुमाल आहे," प्रेबेन म्हणाला.

"डोंगरात सगळे रुमाल सारखेच दिसतात," हालवर म्हणाला.

पुन्हा शेवाळातलं डावं वळण. पुन्हा कोठार, पुन्हा खोप, पुन्हा ती गुलाबी आसवं. पुन्हा रुमाल. देवळाला घालावी तशी अख्खी गावसभा कशाला तरी प्रदक्षिणा घालत होती आणि कशाला, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

"माफ करा," प्रेबेननं अखेर फोन काढला. "ही वाट तुमच्या भरवशावर पुष्कळ झाली. जागा तर इथंच दाखवतोय, या टेकाडाच्या उजवीकडे. मी सरळ जातो."

"नको!"

हा एकट्या योरूनचा आवाज नव्हता. पुढून, मागून, धुक्यातून सगळीकडून एकच "नको" उठला. सगळे दचकून एकमेकांकडे बघायला लागले. तोवर प्रेबेन टेकाड चढून पलीकडे दिसेनासा झाला होता.

पच्च असा आवाज आला. मग प्रेबेनचा.

"माझा पाय गेला! अहो, दुसरापण गेला!... इथं फळं आहेत कसली तरी. लाल लाल, नुसता सडा पडलाय. काय आहे हे?"

प्रेबेननं मुल्ते खाल्ली होती ती नाताळात, काचेच्या वाडग्यात, फेटलेल्या सायीत. तिथं ती सोनेरी असतात. कच्ची मुल्ते त्याला ओळखू येणं शक्य नव्हतं.

टेकाडावर क्षणभर धुकंसुद्धा हललं नाही.

"रास्पबेरी," ओडवार म्हणाला. निवडणुकीतसुद्धा त्याचा आवाज इतका ठाम नव्हता.

"पण जंगली," डाग्नीनं पुस्ती जोडली.

"मेंढ्यांना जुलाब होतात त्यानं," हालवर म्हणाला.

"एक मेलीसुद्धा," योरून बोलून गेली.

"अरे देवा. मी एक तोंडात टाकलंय!"

"थुंक!" सगळी गावसभा एका सुरात ओरडली. ठराव म्हणावा तर असा!

मेंढ्यांना मुल्तेनं काही होत नाही हे हालवरला ठाऊक होतं. डाग्नीला ठाऊक होतं. ओडवारला तर पुरतंच ठाऊक होतं. आपण खोटं का बोललो ते ज्याला त्याला माहीत होतं, पण बाकीचे का बोलले? एकेक चेहरा लाल होत गेला, समोरच्या दलदलीसारखाच. पलीकडच्या काठाची फळं दर वर्षी कोण नेत होतं, ते योरूनला त्या क्षणी कळलं. इतके सारस तिनं एका ठिकाणी कधी पाहिले नव्हते.

सगळ्यांनी मिळून प्रेबेनला ओढून काढलं. त्याचा डावा बूट दलदलीनं ठेवून घेतला.

संध्याकाळी गावसभा भरली. प्रेबेन उसन्या रबरी बुटांत बोलला, रस्त्याबद्दल, नळांबद्दल, उज्ज्वल भविष्याबद्दल. मग ओडवारनं विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

हालवर उठला. योरूननं मागच्या बाकावर डोळे मिटले. ट्रॅक्टर, ती मनात म्हणाली.

"वृद्धनिवासाचं छप्पर गळतंय," हालवर म्हणाला. "आणि आपण परक्याच्या संडासांना नळ घालून द्यायचे? लाज वाटली पाहिजे!" आणि बसला.

"अगदी माझ्या मनातलं," डाग्नी म्हणाली.

"आईच्या उशाशी पातेलं आहे," ओडवार म्हणाला. उन्हाळाभर योरून हेच सांगत होती. पण आज ते त्याच्या स्वतःच्या तोंडून निघालं, तेव्हा कुठे त्यानं ते ऐकलं असावं.

प्रेबेनच्या विरुद्ध सगळे हात वर गेले. तिजोरीतला पैसा छपराकडे वळला.

"पण वसंतात तुम्हीच तर..." प्रेबेन म्हणाला.

"जागा डोळ्यांनी पाहिली की मत बदलतं," ओडवार म्हणाला. "पाहणी त्यासाठीच असते."

"पण तिथं तर नुसतं धुकं होतं!"

"हो ना. काय सुंदर जागा आहे!"

गावानं रस्ता दिला नाही तर हे काही परवडायचं नाही, असं म्हणत प्रेबेननं नकाशा गुंडाळला. यावर योरून हलक्या आवाजात म्हणाली, "तेच तर मी वसंतापासून म्हणत होते रे बाबा."

घरी येऊन तिनं कॉफी ठेवली आणि ती उकळून सांडली तरी तिला कळलं नाही. वाट वाचली होती. छप्पर होणार होतं. जिंकली होती ती. आणि त्याच दिवशी आईची दलदल हातची गेली होती, खोट्या रंगाचे चार फटकारे मारून तिनं स्वतःच गमावली होती. आईनं सांगितलं होतं, वाट सांगू नकोस. हिनं तर सगळ्या गावसभेला वळसे घालून घालून दाखवली.

दुसऱ्या दिवशी आपले खोटे टी पुसायला ती वर गेली, तर कोठाराच्या रंगाचे आणि खोपीच्या रंगाचे आधीच कुणी घासून काढलेले. गुलाबी आपले आपणच वाहून गेले होते. तिनं शेवाळ बाजूला केलं, खरे टी मोकळे केले आणि दलदलीकडे न बघता उतरली.

शनिवारी मात्र राहवलं नाही. गाव जागं व्हायच्या आत दोन्ही बादल्या घेऊन ती टेकाड चढली.

खाली दलदल पिकली होती. दवानं ओली, उगवतीकडे तोंड करून, जणू कुणी सोन्याचे मणी पेरून विसरून गेलं होतं. मधोमध एक पांढरा बूट उभा होता. आणि काठावर उभा होता ओडवार. हातात लाल ओघळांची बादली.

योरूननं आपल्या दोन्ही बादल्या पाठीमागे घेतल्या.

"मी..." ओडवार म्हणाला. "तूच पाटी लावतेस ना दुकानावर, शनिवारी श्रमदान म्हणून? आलो."

"इतकी वर्षं लावतेय."

"आज वाचली."

झुडपं हलली आणि हालवर आला. त्याचीही बादली. मग डाग्नी, मग उरलेली गावसभा, एकेक जण आपापल्या चोरवाटेनं उगवत गेला. प्रत्येकाची बादली रंगानं माखलेली. काहींचा रंग अजून ओला होता.

"श्रमदान," हालवर म्हणाला.

"श्रमदानच," डाग्नी म्हणाली.

"ब्रश कुणाकडे आहे?" योरूननं विचारलं.

कुणाकडेच नव्हता. सगळे बुटांकडे बघत राहिले. बसमध्ये कुणीतरी खोडी काढल्यावर बघायचे, तस्से. योरूनला एकदम हसू फुटलं. तिनं ते दाबलं आणि चालकाच्या आसनावरून द्यायची त्या आवाजात सांगितलं:

"ओडवार, तू तळ्याच्या बाजूला. खिडकी तुलाच लागायची. हालवर, वरच्या काठाला जा, आणि डाग्नीला ढकलायचं नाही. मध्ये कुणी जायचं नाही, मध्ये मी. आणि बोलायचं नाही."

सगळे वाकले, एकमेकांकडे पाठ करून, सभ्य माणसांसारखे. बराच वेळ बादलीच्या तळावर फळं पडल्याचा टपटप आवाज तेवढा येत राहिला. मग योरून नकळत गुणगुणली, "लाजते तोवर लाल गं, पिकली की सोनं..." आणि ओठ चावला.

वरच्या काठावरून हालवरच्या घोगऱ्या आवाजात आलं, "वाट सांगशील कुणा..."

"...तर रितं घरी येणं," तळ्याकडून ओडवार म्हणाला.

डाग्नी सरळ उभी राहिली. "ही माझ्या आजीची ओळ आहे!"

"माझ्या आईची," तिघं-चौघं एकदम म्हणाले.

मग कुणीतरी हसलं आणि ते हसू काठाकाठानं दलदलीला पुरती प्रदक्षिणा घालून योरूनपाशी परत आलं. उतरताना एकाचीही बादली रिती नव्हती.

पुढच्या आठवड्यात वाटेसाठी रंग पुरवणाऱ्या पदभ्रमण मंडळाच्या शहरातल्या कचेरीतून दर वर्षीसारखा फोन आला. "यंदा तरी आलं का कुणी श्रमदानाला?"

"सगळी गावसभा आली होती," योरून म्हणाली. समोरच्या फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या आणि खिडकीतल्या उन्हानं पेटल्या होत्या.

"काय सांगतेस! मग रंग पाठवू का आणखी?"

"नको गं," योरून म्हणाली. "रंग सगळा शिल्लक आहे."